दोन्ही बाजूंना हात

पुतणी दारात येऊन उभी राहिली तेव्हा दादा खिडकीशी बसून चष्म्याचा स्क्रू पिळत होते. अकरा वर्षांत तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दादांनी तिला ओळखलं ते कपाळावरून. घराण्याचं कपाळ होतं ते, रुंद आणि उगाचच विचारात पडलेलं.

"मोठे काका, मी."

"दिसतंय. ये म्हणायचं की बस म्हणायचं, मला काही सुचत नाही. तूच ठरव."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. पाठ टेकली नाही. दादांची बायको आतून डोकावली आणि कोण आहे ते बघून चहा ठेवायला वळली. या घरात बोलायचं सुचलं नाही की चहा होत असे.

"बाबांचं आता काही खरं नाही," पुतणी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, घरीच असू द्या. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय."

"काय निरोप?"

"माझी पाळी आहे म्हणाले. सहा महिन्यांची बोली होती, दादाने अकरा वर्षं ठेवून घेतलं. आता आण म्हणावं."

दादांनी चष्मा घातला. स्क्रू नीट बसला नव्हता. एक काच खाली झुकली. "त्याला म्हणावं, खरं नाणं आधी माझ्या हातात ठेव. मग पाळीचं बघू."

हे उत्तर मिळणार हे तिला घरून निघतानाच ठाऊक असावं. तिने पर्समधून एक लहान पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे द्यायला सांगितलंय. म्हणाले, चकती माझ्याकडे राहिली होती, दादा मागत होता."

चहा न घेताच ती उठली. दारात मात्र थांबली.

"माझ्या लग्नात तुमच्या दोघांच्या खुर्च्या ठेवल्या होत्या मी. पुढच्या रांगेत. लोक येऊन बसायचे आणि मी त्यांना उठवायचे. शेवटपर्यंत."

ती गेल्यावर बायको दोन कप घेऊन बाहेर आली. "निदान भेटायला तरी जाल की नाही?"

"बघू."

"बघू म्हणत म्हणत माणूस जाईल."

"चोरी मी केलेली नाही," दादा म्हणाले. हे वाक्य त्यांनी अकरा वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की ते आता झिजून गुळगुळीत झालं होतं.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांतले काटे तपासले. पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनाच्या बुडातलं शिसं कोरणारे, खोक्यासकट बिस्किटं तोलणारे, असे सगळे त्यांनी पकडले. बाजारात त्यांना 'तराजू' म्हणत. ते नाव बाजाराने दिलं असं दादा समजत, पण ते मूळ धाकट्या भावाचं होतं. धाकटा घड्याळजी. त्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं, आणि दादा लांबून दिसले की तो शेजारच्या किराणावाल्याला ओरडून सांगायचा, "तराजू आला रे, पारडं पूस!"

दोघांचे स्वभाव एकमेकांना अजिबात न शोभणारे. पण दोघांना मिळून एकच वेड होतं. रोमन नाणी. तीही सगळी नव्हेत. एवढं साम्राज्य, एवढी शतकं, आणि पगार बेताचे. म्हणून धाकट्याने एकदा म्हटलं, "दादा, सगळा समुद्र कशाला? आपण एक घागर भरू." ती घागर म्हणजे एक वर्ष. नीरोने जीव दिला, आणि त्यानंतर दीडेक वर्षात रोमच्या गादीवर एकामागून एक चार जण बसले. सैन्य सैन्याच्या अंगावर गेलं, आणि प्रत्येकाने गादीवर बसताक्षणी आधी काय केलं असेल तर नाणी पाडली. सैनिकांना पगार द्यायचा होता, आणि आपलं तोंड लोकांना दाखवायचं होतं. ओथो तर तीनच महिने टिकला. त्याच्या चांदीच्या नाण्यावर लिहिलेलं आहे, 'साऱ्या पृथ्वीवर शांती'. धाकट्याला हे फार आवडायचं. दुकानात घड्याळ घेऊन भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "साऱ्या पृथ्वीवर शांती! बसा, चहा घ्या."

चौघांची चार नाणी जमायला त्यांना सतरा वर्षं लागली. पाचवं मात्र अचानक मिळालं. एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या डब्यात, काळ्या पडलेल्या किरकोळ नाण्यांच्या ढिगात. धाकट्याने भिंग लावलं आणि दादांच्या पायावर पाय दिला. ही त्यांची जुनी खूण होती. तोंडाने काही बोलायचं नाही, चेहरा मख्ख ठेवायचा आणि ढीगच्या ढीग उचलायचा.

त्या नाण्यावर कोणाचंही तोंड नव्हतं. नावही नव्हतं. एका बाजूला हातात घेतलेला हात आणि भोवती अक्षरं, 'सैन्यांची निष्ठा'. दुसऱ्या बाजूला पुन्हा तसाच हातात हात, आणि 'राजरक्षकांची निष्ठा'. यादवीच्या धामधुमीत कोणीतरी पाडलेलं. चौघांपैकी तिसऱ्या, व्हिटेलियसच्या माणसांनी, असं विद्वान म्हणतात. विरुद्ध बाजूच्या सैनिकांना फितवण्यासाठी. आम्ही आणि तुम्ही एकच आहोत, असं सांगण्यासाठी. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते एकमेकांना कापत सुटले.

अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेलं नाणं कोणाच्या घरी राहायचं? सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, असं ठरलं. आणि देताना-घेताना ते तोलायचं, असं दादांनी ठरवलं. त्यांच्याकडे काचेच्या पेटीतला जुना तराजू होता, खात्याच्या लिलावात घेतलेला, श्वास लागला तरी हलणारा.

"आपल्यात तोलायचं?" धाकट्याने तेव्हा विचारलं होतं.

"आपल्यात म्हणूनच. पद्धत असलेली बरी."

"पावती पण देऊ का, साहेब?"

पावती नव्हती, पण चकती होती. नाण्यांचे शौकीन ट्रेच्या प्रत्येक खणात नाण्याखाली जाड कागदाची एक गोल चकती ठेवतात. तिच्यावर बारीक अक्षरात नाण्याची माहिती असते. दादांनी चकती कापली, नाणं तोललं आणि काळ्या शाईने लिहिलं: ३.३१ ग्रॅम. नंतर नऊ वर्षं, दर सहा महिन्यांनी, काटा तेच सांगत राहिला. तीन एकतीस. धाकटा दर वेळी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "सुटलो बुवा!"

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी धाकटा दुकानातून परस्पर आला होता. नाणं त्याने घड्याळाच्या सुट्या भागांच्या डबीत, कापसात ठेवून आणलं होतं.

"चकती?"

"ट्रेमध्ये राहिली. उद्या आणतो."

दादांनी पारडं मऊ फडक्याने पुसलं. नाणं ठेवलं. चिमट्याने एकेक वजन उचलून ठेवत गेले, आणि काटा तीन सतरावर थांबला. पुन्हा तोललं. तीन सतरा. मोकळी पारडी तपासली. काटा मधोमध, तसूभरही इकडे तिकडे नाही. मग त्यांनी भिंग घेतलं. आणि एकदा संशय घेऊन भिंग लावलं की नाण्यात काय वाटेल ते दिसतं. अक्षरं जरा साबणासारखी मऊ वाटली. कडेला जोड असावा तशी एक रेघ दिसली. अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बारीक खड्डे, ओतीव धातूत येतात तसे. धाकट्याच्या दुकानात मूस होती. चांदी वितळवायचा दिवा होता. आणि असलं काम करू शकेल असे हात त्या गावात फक्त त्याचेच होते, हे दादांनीच चारचौघांत कौतुकाने सांगितलेलं होतं.

"चौदा शतांश कमी आहे," दादा म्हणाले.

"मग? झिजलं असेल."

"दोन हजार वर्षं झिजलं नाही ते तुझ्या घरी सहा महिन्यांत झिजलं? हे ते नाणं नाही."

धाकटा आधी हसला. मग त्याने दादांचं तोंड नीट पाहिलं, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. "दादा, तू नाणं तोलतोयस की मला?"

"खरं कुठंय ते सांग. विकलंस का?"

धाकटा उठला. डबी तिथेच राहिली. दादांनी दार उघडून धरलं, आणि हेच त्यांच्या बायकोने पुढे सगळ्यांना सांगितलं, की यांनी त्यांना हाताला धरून काढलं नाही हो, फक्त दार उघडून धरलं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण दादांनी ते नाणेमंडळात सांगितलं. रविवारी जमणारी दहा-बारा माणसं ती. दादांनी पाच जणांना, "कोणाला बोलू नका" असं बजावून सांगितलं. पुढच्या रविवारी धाकटा आला तेव्हा एकाने सहज म्हणून आपल्या ट्रेवर झाकण ठेवलं. मग दुसऱ्याने. धाकट्याने कोणालाच काही विचारलं नाही. चहा पिऊन गेला तो परत आला नाही. नाणं खरोखर खोटं आहे का, हे दादांनी कोणा जाणकाराला कधीच दाखवलं नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं म्हणायचे. ती चव्हाट्यावर तर त्यांनीच नेऊन ठेवली होती.

पुतणी गेल्यावर पाकीट बराच वेळ टेबलावर पडून होतं. मग दादांनी ते उघडलं. चकती कडेला पिवळी पडली होती, पण शाई काळी होती, अक्षर त्यांचं होतं: ३.३१.

"हा बघ पुरावा!" त्यांनी बायकोला हाक मारली. "त्याने स्वतःच पाठवला. काळ्यावर पांढरं... पांढऱ्यावर काळं. तीन एकतीस. आता तुझ्यासमोर तोलून दाखवतो खोटं नाणं."

"मला काय कळतंय त्यातलं? दूध उतू जाईल," ती आतून म्हणाली आणि आली नाही.

दादांनी काचेची पेटी उघडली. पारडी पुसली, काटा मधोमध आणला. कपाटातून नाणं काढलं. चिमट्याने चकती पारड्यात ठेवली आणि तिच्यावर नाणं, पितळेवर चांदी घासू नये म्हणून. हे त्यांनी मुद्दाम केलं नाही. हाताला वळण होतं. नऊ वर्षं दर वेळी हात असाच चालला होता: चकतीवर नाणं, नाण्यासकट चकती. वजनं ठेवली. तीन ग्रॅम. मग दोनशे मिलिग्रॅम. मग शंभर. मग दहाचं हलकं पान.

काटा तीन एकतीसवर उभा राहिला.

दादांना प्रथम आनंद झाला. खरोखर झाला, नाणं परत आलं असं वाटलं. मग त्यांनी चिमट्याने नाणं उचलून बाजूला ठेवलं आणि पारड्यात एकटी चकती राहू दिली. वजनं काढली. शंभर ठेवलं. वीस ठेवलं. पुन्हा वीस.

कागदाची चकती एकशे चाळीस मिलिग्रॅम भरली.

ते खुर्चीत बसून राहिले. पहिल्या दिवशी चकती कोरी होती. तिच्यावर नाणं ठेवून त्यांनी तोललं, आलेला आकडा तिच्यावरच लिहिला, आणि पुढे नऊ वर्षं तिला तिच्याच पाठीवरची साक्ष द्यायला लावली. खोक्यासकट बिस्किटं तोलणाऱ्या एका माणसाला त्यांनी भर बाजारात उभं केलं होतं. तो हात जोडून म्हणत होता, "साहेब, खोक्याला काय वजन असतंय?" आणि दादा म्हणाले होते, "ते आम्ही सांगू."

भिंगातून पाहिलं तर अक्षरं मऊ नव्हती, फक्त झिजलेली होती. कडेची रेघ म्हणजे साधा चरा होता. दोन हात एकमेकांत होते, जसे होते तसे.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. "किती भरलं?"

"काही नाही," दादा म्हणाले. "तराजू साफ करतोय."

सकाळी ते निघाले. वाटेत त्यांनी वाक्यं पाठ केली. आधी धाकट्याला. मग त्याच्या बायकोला आणि पोरीला. मग आपल्या बायकोला. मग रविवारी मंडळात, उभं राहून. 'चूक माझी होती. मी चकतीसकट तोललं.' इतकं सोपं होतं. दहा पावलांत पाठ झालं.

घड्याळजीच्या घरात एकही घड्याळ चालत नव्हतं. टिकटिक सोसत नाही म्हणून सगळी बंद केली होती. भिंतीवर सात-आठ तबकड्या आणि प्रत्येकीत वेगळीच वेळ. धाकटा खिडकीशी पलंगावर होता. चादरीखाली माणूस आहे असं वाटतच नव्हतं, इतका तो आटला होता. डोळे मात्र तेच.

"आलास, तराजू."

"आलो."

"आणलंस?"

दादांनी डबी उघडली. तीच, घड्याळाच्या भागांची. धाकट्याने तळवा पसरला, नाण्यावरून अंगठा फिरवला, उलटवलं, पुन्हा फिरवला. बाहेर भांड्यांचा आवाज येत होता. पुतणीने दार अर्धवट ओढून घेतलं आणि ती गेली.

"किती भरलं?"

दादांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तीन एकतीस."

"चकतीसकट."

"...चकतीसकट."

"आणि नुसतं?"

"सतरा."

धाकट्याने मान हलवली. गिऱ्हाइकाने घड्याळ पाण्यात पडल्याचं शेवटी कबूल करावं आणि त्याने हलवावी तशी. "मला कधी कळलं सांगू? तू दार उघडून धरलंस ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी. ट्रे आवरताना चकती हाताला लागली. घड्याळजी आहे मी. केसाएवढ्या स्प्रिंगचं वजन बोटांना कळतं."

दादा खिडकीकडून वळले. "मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी? चोराने?"

"अरे, पण एक शब्द..."

"मला वाटलं, आठवड्यात शोधशील. एवढा मोठा निरीक्षक! मग म्हटलं, वर्ष. पोरीच्या लग्नापर्यंत तर नक्कीच. रोज दारात पाऊल वाजलं की वाटायचं, शोधलंन वाटतं. मग पुढे पुढे राग असा मुरला, दादा, की म्हटलं, आता शोधलंस तरी मला नको."

"अकरा वर्षं घालवलीस तू."

"मीच घालवली," धाकटा म्हणाला. "तू फक्त वजन केलंस." तो हसायला गेला आणि खोकत राहिला. खोकला थांबायला वेळ लागला. दादांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला नाही, पण दूरही सारला नाही.

"एक कर," तो शेवटी म्हणाला. "बाहेर त्या दोघी आहेत. जाताना त्यांना सांग. दोनच वाक्यं. मी कधी काही बोललो नाही. मी बोललो असतो तर म्हणाल्या असत्या, सावरासावर करतोय. तू सांगितलंस तर त्याला वजन येईल."

"सांगतो."

"दार उघडं ठेव. मला ऐकू येऊ दे."

"सांगतो म्हटलं ना."

"आणि चकती घेऊन जा. नाणं राहू दे. माझी पाळी आहे."

दादांनी दार पुरतं उघडं ठेवलं. बाहेरच्या खोलीत धाकट्याची बायको कप घेऊन उभी होती, पुतणी दादांचे बूट सरळ करून ठेवत होती. दादांनी घसा खाकरला. पहिलं वाक्य जिभेवर होतं. चूक माझी होती.

"दादा," धाकट्याची बायको घाईघाईने म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही आलात हे फार मोठं मन केलंत. मी इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, कुठल्या तोंडाने येणार होते? मी यांना कधी विचारलंसुद्धा नाही. भीतीच वाटायची, काय सांगतील याची. त्यांनी जे काही केलं असेल ते आता पोटात घाला. माणूस चाललाय."

कपातला चहा बशीत सांडत होता. तिच्या डोळ्यांत दादांविषयी एवढा आदर होता की चौतीस वर्षांच्या नोकरीत तो त्यांना कोणाच्या डोळ्यांत दिसला नव्हता.

"घातलं," दादा म्हणाले.

आतला खोकला थांबला.

दादा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी एकदा सुटली, पुन्हा बांधली. पुतणी समोरच उभी होती.

"मोठे काका," ती हळूच म्हणाली, "नाणं खोटंच आहे, तर मग बाबांच्या हातात कशाला दिलंत?"

ही दुसरी संधी होती, आणि मागितल्याशिवाय मिळालेली. दादा वाकलेलेच राहिले. आत एवढी शांतता होती की बंद घड्याळांची टिकटिकसुद्धा ऐकू यावी.

"असू दे त्याच्याजवळ," ते म्हणाले. "तेवढंच त्याला बरं वाटेल."

जिना उतरताना त्यांनी मागे पाहिलं नाही. वर कोणीतरी दार लावून घेतलं, अगदी हळू, पाहुण्याच्या पाठीवर आपटू नये म्हणून लावतात तसं.

बाजाराच्या टोकाला घड्याळजीच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारी किराणावाला डाळ तोलत होता. दादा दिसताच त्याचा हात जुन्या सवयीने थबकला. त्याने भरलेली पिशवी काट्यावरून उचलली, मोकळी करून आधी नुसतीच ठेवली, काटा शून्यावर आणला आणि मग डाळ ओतली.

"बघा साहेब," तो हसत म्हणाला. "पिशवी वजा करूनच देतो. तुमचीच शिकवण."

दादांनी खिशातल्या चकतीवर बोट दाबलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.